तेलयंत्राचा जनक रुडॉल्फ डिझेल

गतवर्षी डिसेंबर महिन्यात आमच्या शाळेची सहल जंजिऱ्याचा किल्ला पाहण्यासाठी दिघीस गेली होती. परतीच्या वेळी राजपुरीची खाडी ओलांडून आगरदांड्यास जाणाऱ्या लाँचेत आम्ही सर्व बसलो. ओहोटी लागली होती. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या व त्यांवर हिरवे शेवाळ माजले होते. त्या शेवाळावरून इयत्ता आठवीतील एका विद्यार्थ्याचा पाय घसरला व त्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. मुले हसली, तोही हसला. आणि लाँच सुरू होताच कपडे वाळविण्याच्या निमित्ताने तो इंजिनाजवळ जाऊन बसला व सारंगास नाना प्रश्न विचारू लागला. मोटारसायकलीत ठिणगी पाडण्यास प्लग असतो, तो या यंत्रात कोठे आहे, हा पहिला प्रश्न. डिझेलच्या इंजिनास प्लग लागत नाही, असे सारंगाने सांगितले. मग ते पेटते कसे, हा दुसरा. आणि डिझेल म्हणजे काय, हा तिसरा. डिझेल म्हणजे तेल, दुसरे काय असणार, असे उत्तर देऊन सारंगाने सुकाणूकडे लक्ष वळविले.

डिझेल हे मुळात तेलाचे नाव नसून एका मनुष्याचे नाव आहे, असे आम्ही मध्ये बोललो तेव्हा सारंगास ते खरे वाटले नाही. ज्या वस्तूपायी आपल्या कमाईचा मोठा हिस्सा रोज खर्ची पडतो, तिला कोणा माणसाचे नाव असेल असे त्याच्या कधी मनातही आले नव्हते. मुलांतही कोणास ते ठाऊक नव्हते. तेव्हा त्या मनुष्याचे चरित्र शाळेच्या वार्षिकात लिहू, असे वचन आम्ही त्या ओल्या विजारीच्या विद्यार्थ्यास दिले. ते आज पुरे करीत आहोत.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरी झाला. त्याचे आईबाप मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. बाप थिओडोर हा पुस्तके बांधणारा कारागीर होता. पुढे तो कातड्याच्या पिशव्या, पाकिटे वगैरे जिन्नस करू लागला. मिळकत बेताची व घरात मुले तीन. तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या दारी पोचविण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. घरापासून जवळच यंत्रांचे एक मोठे संग्रहालय होते. तेथे जाऊन जुनी यंत्रे न्याहाळीत बसणे व त्यांची चित्रे काढणे हा त्याचा आवडता छंद. खेळण्याच्या वयात मुलाने यंत्रांपुढे बसून राहावे याचे आईबापांस नवल वाटत असेल; पण त्यांनी त्यास अटकाव केला नाही, एवढे खरे.

१८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यामध्ये युद्ध पेटले, आणि पॅरिसमध्ये राहणाऱ्या जर्मन कुटुंबांस शहर सोडून जावे लागले. डिझेल कुटुंब लंडनास गेले. तेथे ना धंदा, ना ओळख. अखेर आईने बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतील ऑग्सबर्ग या गावी बार्निकेल नावाच्या नातलगांकडे धाडून दिले. आमच्या शाळेतही मामाच्या किंवा मावशीच्या घरी राहून शिकणारी काही मुले आहेत. रात्री दिवा मालविल्यावर आईची आठवण कशी येते हे त्यांस निराळे सांगावयास नको. रुडॉल्फचे दैव इतके बरे की, घरधनी बार्निकेल हे गणिताचे शिक्षक होते व मुलगा बुद्धिमान आहे हे त्यांनी लौकर ओळखले. चौदाव्या वर्षी रुडॉल्फने आईबापांस पत्राने कळविले की, आपण यंत्रशास्त्रज्ञ होणार.

आईबापांचा विचार मात्र वेगळा होता. मुलाने चार पैसे मिळवून घरास हातभार लावावा अशी त्यांची इच्छा होती, व त्यांच्या परिस्थितीत ती गैर म्हणता येणार नाही. रुडॉल्फ १८७३ साली शाळेच्या परीक्षेत पहिला आला. १८७५ साली त्यास म्युनिक येथील पॉलिटेक्निकची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा आईबापांची मर्जी नसतानाही त्याने ती स्वीकारली. आज्ञाभंगाचे हे उदाहरण शाळेच्या अंकात देताना आमची लेखणी किंचित अडखळते. परंतु चरित्रात घडले ते सांगितलेच पाहिजे.

म्युनिक येथे कार्ल फॉन लिंडे हे अध्यापक उष्णतेचे शास्त्र शिकवीत. बर्फ तयार करण्याच्या यंत्राबद्दल ज्यांचे नाव पुढे जगभर झाले तेच हे लिंडे. एके दिवशी त्यांनी वर्गात बाष्पयंत्राचा हिशेब मांडला. आगगाड्या, आगबोटी, गिरण्या हा त्या काळचा सर्व डामडौल बाष्पयंत्रावर चाले. त्या यंत्रात कोळसा जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी शेकडा सहा ते दहा भागच कामी येतात. बाकीची सारी धुराड्यातून, वाफेतून व तापलेल्या लोखंडातून वाया जाते. दहा टोपल्या कोळसा जाळावा आणि जेमतेम एका टोपलीचे काम पदरात पडावे, असा तो व्यवहार. साडी कार्नो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२४ सालीच दाखवून दिले होते की, तत्त्वतः याहून पुष्कळ अधिक काम उष्णतेकडून करून घेता येईल. वर्गातील सर्वांनी हे लिहून घेतले. डिझेलने वहीच्या समासात स्वतःपुरते एक टिपण केले, की हे तत्त्व व्यवहारात आणता येईल किंवा कसे याचा शोध घ्यावयाचा. पुढील पंधरा-वीस वर्षे तो त्या टिपणाच्या मागे होता.

१८७९ साली विषमज्वराने आजारी पडल्यामुळे त्याची शेवटची परीक्षा चुकली. तो मधला काळ त्याने स्वित्झर्लंडमधील सुल्झर बंधूंच्या कारखान्यात हातोडी व कानस चालविण्यात घालविला, व १८८० च्या जानेवारीत परीक्षा देऊन अत्युच्च गुणांनी उत्तीर्ण झाला. लिंडे यांनी त्यास आपल्या बर्फाच्या कारखान्याच्या कामावर पॅरिस येथे नेमले. १८८३ साली मार्था फ्लाशे या तरुणीशी त्याचा विवाह झाला. त्यांस दोन मुलगे व एक मुलगी अशी तीन अपत्ये झाली. दिवसा बर्फाचा कारखाना व रात्री नव्या यंत्राचा विचार, असा क्रम चालला. प्रथम त्याने वाफेच्या जागी अमोनिया वायू वापरून पाहिला. त्या प्रयोगात एकदा स्फोट होऊन तो प्राणावरच्या संकटातून वाचला व कित्येक महिने रुग्णालयात पडून होता. १८९० साली तो बर्लिनला राहावयास गेला, व अमोनियाचा नाद सोडून त्याने साध्या हवेकडे लक्ष वळविले.

आता त्या आठवीतील विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. सायकलीच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचे टोक हातास गरम लागते, हे प्रत्येक मुलाने अनुभवले आहे. थोडी उष्णता घर्षणाची असते, परंतु बरीचशी हवा दाबली गेल्यामुळे येते. कोणताही वायू झटकन दाबला की तो तापतो. सायकलीच्या पंपात दाब थोडा, म्हणून ताप थोडा. आता एक जाड लोखंडी नळकांडे घ्या. त्यात घट्ट बसणारा दट्ट्या बसवा. आणि आतली हवा तिच्या मूळ जागेच्या सोळाव्या किंवा अठराव्या हिश्श्यात कोंबा. ती हवा पाचशे अंशांच्याही वर तापते. अशा तापलेल्या हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की ते तेल आपोआप पेट घेते. काडी नको, ठिणगी नको, प्लग नको. जळणाऱ्या तेलाचा वायू फुगतो, दट्ट्यास जोराने मागे लोटतो, आणि चाक फिरते. हवा जितकी अधिक दाबावी तितकी उष्णता अधिक कामी लागते, हे यातील मर्म. दिघीच्या लाँचेत ठकठक चालते ते हेच.

कागदावर हे सोपे दिसते. डिझेलने १८९२ साली आपल्या कल्पनेचे पेटंट मागितले व पुढल्या वर्षी त्यावर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. ऑग्सबर्ग येथील यंत्रांचा कारखाना व एस्सेनचे क्रुप हे पोलादाचे कारखानदार यांनी प्रयोगाचा खर्च सोसण्याचे कबूल केले. ज्या गावी तो परक्याच्या घरी राहून शिकला, त्याच ऑग्सबर्गला हे प्रयोग झाले. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या यंत्रात तेल सोडताच स्फोट झाला व दाब मोजण्याच्या उपकरणाच्या ठिकऱ्या उडाल्या. डिझेल थोडक्यात बचावला. पण त्यास त्यातही समाधान वाटले, कारण दाबलेल्या हवेत तेल पेटते ही गोष्ट तर सिद्ध झाली! यंत्र सुधारून पुन्हा उभे केले. १८९४ च्या फेब्रुवारीत ते कारखान्याच्या पट्ट्याने फिरविले जात असता, पट्टा आता यंत्रास ओढीत नसून यंत्रच पट्ट्यास ओढीत आहे, हे जवळच्या एका कारागिराच्या ध्यानात आले व त्याने न बोलता डोक्यावरची टोपी काढली, असे सांगतात. यंत्र सुमारे एक मिनिट स्वतःच्या बळाने चालले. तेथून पुढे आणखी तीन वर्षे गेली. १८९७ च्या फेब्रुवारीत म्युनिकचे अध्यापक श्रोटर यांनी यंत्राची रीतसर परीक्षा घेतली, तेव्हा तेलातील उष्णतेपैकी शेकडा सव्वीस भाग कामात उतरतात असे ठरले. त्या वेळच्या चांगल्या बाष्पयंत्राहून हे प्रमाण दुपटीपेक्षा अधिक होते.

पैशाचा ओघ सुरू झाला. अमेरिकेतील ॲडॉल्फस बुश या कारखानदाराने तेथील हक्कांसाठी दहा लक्ष मार्क मोजले. पहिले विकाऊ यंत्र १८९८ साली केम्प्टन येथील आगकाड्यांच्या कारखान्यात बसविण्यात आले. ज्या यंत्रास काडीची गरज नाही तेच काड्यांच्या कारखान्यात जावे, ही मौज पाहण्यासारखी आहे.

तथापि धनाबरोबर कटकटीही आल्या. घाईने विकलेली कित्येक यंत्रे बंद पडून परत आली. पेटंटाबद्दल कज्जे उभे राहिले. अतिश्रमाने डिझेलची प्रकृती ढासळली व काही महिने आरोग्यभवनात काढावे लागले. म्युनिक येथे त्याने राजवाड्यासारखे घर बांधले, आणि जमिनीच्या खरेदीविक्रीत फार मोठी रक्कम गमाविली. यंत्राचा हिशेब अचूक करणाऱ्या या माणसाचा पैशाचा हिशेब नेहमी चुकत असे.

डिझेल केवळ पैशाच्या मागे होता असे मात्र कोणी समजू नये. बाष्पयंत्र अवाढव्य असते. ते श्रीमंतांनाच परवडते. त्यामुळे विणकर, सुतार, घड्याळजी यांचे लहान धंदे बुडून कारागीर गिरणीत मजूर होतात, ही गोष्ट बापाच्या कातड्याच्या दुकानात वाढलेल्या या मुलाने जवळून पाहिली होती. आपले यंत्र लहान करता येईल व ते प्रत्येक कारागिराच्या घरी चालेल, अशी त्याची आशा होती. १९०३ साली त्याने एक पुस्तक लिहिले. कामगारांनी थोडी थोडी वर्गणी जमवून कारखाने सर्वांच्या मालकीचे करावेत, अशी योजना त्यात मांडली होती. यंत्राच्या शोधापेक्षा या योजनेस तो अधिक मोलाची समजे. लोकांनी यंत्र घेतले. पुस्तक फारसे कोणी घेतले नाही. शिवाय त्या काळी हे यंत्र इतके जड व महाग होते की, ज्या सुतारासाठी ते योजिले त्याच्या घरी ते कधीच पोचले नाही. ते प्रथम मोठ्या कारखान्यांत गेले, आणि नंतर जहाजांत.

येथे आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. आम्ही पुष्कळ वर्षे वर्गात असे सांगत आलो की, डिझेलने आपले यंत्र भुईमुगाच्या तेलासाठीच शोधून काढले व पॅरिसच्या प्रदर्शनात स्वतः ते त्या तेलावर चालवून दाखविले. गोष्ट ऐकावयास गोड आहे, पण ती खरी नाही. हा लेख लिहिण्यास बसलो व ग्रंथ चाळले, तेव्हा आमचे अज्ञान आमच्या पदरात पडले. आमच्या ज्या जुन्या विद्यार्थ्यांनी ती गोष्ट उत्तरपत्रिकेत लिहून आमच्याकडून गुण मिळविले, त्यांनी ते गुण खुशाल ठेवावेत. परंतु आपल्या मुलांस मात्र पुढील हकीकत सांगावी.

डिझेलच्या मनात आरंभी कोळशाची पूड जाळावी असेही होते. ते साधले नाही. पुढे यंत्र खनिज तेलावरच सिद्ध झाले. १९०० साली पॅरिस येथे जागतिक प्रदर्शन भरले, तेथे ऑटो कंपनीने डिझेलच्या पद्धतीचे एक लहान यंत्र मांडले होते. फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून ते यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले. त्या यंत्रात काही एक फेरफार केलेला नव्हता, आणि ते इतके सुरळीत चालले की पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस तेल निराळे आहे हे कळले. फ्रेंच सरकारचा हेतू उघड होता. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग उदंड पिके. तेथेच पिकणाऱ्या तेलावर यंत्रे चालली तर कोळसा व खनिज तेल दुरून न्यावयास नको.

डिझेलने ही कल्पना उचलून धरली व स्वतः त्या दिशेने प्रयोग केले. १९१२ साली लंडन येथील यंत्रशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने आपले मत मांडले. बियांपासून निघणाऱ्या तेलांस आज फारशी किंमत दिसत नसली तरी काळांतराने त्यांचे महत्त्व खनिज तेलाइतके होऊ शकेल, आणि जमिनीतील साठे संपले तरी सूर्याच्या उष्णतेने शेतात पिकणारे तेल संपणार नाही, असा त्याचा आशय होता. आमच्या कोकणास यात नवीन असे काय? किनाऱ्यावरच्या उंडीच्या बियांचे कडू तेल आपले पूर्वज दिव्यात जाळीतच होते. करंजाचे तेलही जाळीत. मात्र दिव्यात जळते ते यंत्रात जसेच्या तसे फार दिवस चालत नाही. वनस्पतींचे तेल दाट असते. त्याचा फवारा नीट उडत नाही व यंत्रात चिकटा धरतो. १९३७ साली ब्रुसेल्स येथील शावान नामक शास्त्रज्ञाने अशा तेलावर मद्यार्काची क्रिया करून ते पातळ करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आज ज्यास बायोडिझेल म्हणतात, ते याच प्रकारच्या क्रियेने होते. डिझेल त्या वेळी हयात नव्हता.

१९१२ हे साल त्याच्या कीर्तीच्या परमावधीचे. त्याच वर्षी सेलांडिया नावाचे डॅनिश जहाज डिझेल यंत्रांच्या बळावर कोपनहेगनहून निघून बँकॉकपर्यंत गेले. त्यास बाष्पयंत्राचे उंच धुराडे नव्हते. बंदरोबंदरी लोक ते पाहावयास जमत. इकडे त्या यंत्राचा जनक आतून पोखरला गेला होता. प्रकृती खालावलेली, डोकेदुखी पाठीस लागलेली, आणि कर्ज इतके की त्याचा आकडा त्याच्या पत्नीसही ठाऊक नव्हता.

२९ सप्टेंबर १९१३ च्या सायंकाळी तो बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन नावाच्या आगबोटीने इंग्लंडास निघाला. तेथे त्याच्या यंत्रांच्या एका नव्या कारखान्याचे काम होते. सोबत दोन स्नेही होते. जेवण झाले, डेकवर फेऱ्या झाल्या, व रात्री दहाच्या सुमारास, सकाळी सव्वासहास उठवा, असे सांगून तो आपल्या खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी होती. बिछाना न मोडलेला, व डेकवर कठड्याजवळ त्याची टोपी आणि कोट ठेवलेला. दहा दिवसांनी एका डच बोटीस उत्तर समुद्रात एक प्रेत आढळले. त्याच्या खिशातील वस्तू धाकटा मुलगा ऑइगेन याने ओळखल्या. देह समुद्रासच परत देण्यात आला होता. निघण्यापूर्वी डिझेलने पत्नीजवळ एक पेटी दिली होती व ती आठ दिवसांनी उघडण्यास सांगितले होते. तीत काही रोकड व बँकेतील खाती जवळजवळ रिकामी असल्याचे कागद निघाले. शत्रूंनी त्यास समुद्रात लोटले, सरकारी हेरांनी नाहीसे केले, अशा वार्ता त्या काळी वर्तमानपत्रांतून पुष्कळ आल्या. पुरावा कशासही नाही, म्हणून त्या आम्ही येथे देत नाही. त्याचे वय पंचावन्न वर्षांचे होते. इतका मोठा मनुष्य आपल्या घरच्या माणसांस आपली अडचण सांगू शकला नाही, याचे वाईट वाटते.

त्याच्या पश्चात यंत्राची भरभराट झाली. ते लहान व हलके झाले. मालमोटारी, आगगाड्या, शेतातले पंप यांस लागले. महाराष्ट्रात १९४६ साली खडकी येथे किर्लोस्करांचा तेलइंजिनांचा कारखाना निघाला, व विहिरीवरची मोट जाऊन तेथे डिझेल इंजिन आले. पुढे कोळ्यांच्या होड्यांवरील शिडे उतरून तेथेही तेच बसले. सुताराच्या घरी जे पोचले नाही, ते मच्छीमाराच्या होडीत पोचले. मात्र त्यात घालण्याचे तेल जमिनीतूनच आले. खनिज तेल विपुल व स्वस्त होते. तेव्हा भुईमुगाची आठवण कोण ठेवतो?

ती आठवण जगास १९७३ साली झाली. अरबस्तानाकडील युद्धामुळे तेलाचे भाव एकाएकी चौपट चढले, आणि देशोदेशी पर्यायांचा शोध सुरू झाला. आपल्या देशातही या शतकाच्या आरंभी मोगली एरंडाच्या लागवडीचा मोठा गाजावाजा झाला. २००९ च्या सरकारी धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये शेकडा वीस भाग असे तेल मिसळण्याचे लक्ष्य होते, ते साधले नाही. खडकाळ जमिनीत व पाण्यावाचून ते झाड जगते, पण भरघोस बी देत नाही, हे लागवडीनंतर कळले. आणि चांगली जमीन द्यावी, तर माणसांचे धान्य कोठे पिकवावे?

म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टी शेवाळाकडे गेली. शेवाळ म्हणजे ज्यावरून आमचा विद्यार्थी घसरला तेवढेच नव्हे. खाऱ्या व गोड्या पाण्यात नुसत्या डोळ्यांस न दिसणारी, एकेका पेशीची अशी असंख्य जातींची शेवाळे असतात. ती पुष्कळ जमली की पाणी हिरवे दिसते. त्यांस शेत नको. खारे पाणी चालते. ऊन, हवेतील कर्बवायू व थोडे नत्रयुक्त आणि स्फुरदयुक्त खत पुरते. अनुकूल स्थितीत काही जाती एका दिवसात दुप्पट होतात. आणि आश्चर्य असे की, त्यांपैकी कित्येक जाती अंगात तेल साठवितात. वस्तुतः भूगर्भातील बहुतेक खनिज तेल हे प्राचीन समुद्रांतील अशाच सूक्ष्म वनस्पती व जीव तळाशी गाडले जाऊन कोट्यवधी वर्षांनी झालेले आहे. तेव्हा दिघीची लाँच आजही जाळते ते एका अर्थी शेवाळाचेच तेल होय. फक्त ते फार जुने आहे.

अमेरिकन सरकारने १९७८ पासून १९९६ पर्यंत या एका विषयावर संशोधन चालविले. सुमारे तीन हजार जातींची शेवाळे गोळा केली, त्यांतून तीनशेच्या आसपास निवडली, व न्यू मेक्सिकोच्या रखरखीत प्रदेशात उघडी तळी बांधून त्यांत ती वाढवून पाहिली. तेल निघाले, पण ते खनिज तेलाच्या मानाने फार महाग पडले. त्यानंतर मोठमोठ्या कंपन्यांनी हात घातला. एका जगप्रसिद्ध तेल कंपनीने २००९ साली आरंभिलेले काम २०२३ च्या सुमारास सोडून दिले. अडचणी मुख्यतः दोन. पहिली अशी की, नत्राची उपासमार केली म्हणजे शेवाळ तेल साठविते, पण उपाशी शेवाळ वाढत नाही. वाढविले तर तेल नाही व तेल पाहिजे तर वाढ नाही. दुसरी याहून साधी. उघड्या तळ्यातील एक लिटर पाण्यात कोरडे शेवाळ निघते ते अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक किलो शेवाळासाठी सुमारे दोन हजार लिटर पाणी गाळावे लागते, व त्या किलोतही तेल असते एखादा हिस्सा. गाळण्यास, वाळविण्यास व पाणी हलते ठेवण्यास जी शक्ती खर्च होते, तीच तेलातून मिळणाऱ्या शक्तीचा घास घेते. कार्नोने व लिंडे यांनी मांडलेला हिशेब येथेही सुटत नाही.

सहलीहून परतल्यावर हे सर्व आम्ही वर्गात सांगितले, तेव्हा मुलांस दुसरी अडचण पटेना. डोळ्यांसमोर पाणी हिरवेगार दिसते आणि त्यात अर्धा ग्रॅमच कसा, असा त्यांचा वाद. मग त्याच आठवीतील विद्यार्थ्याने खाडीचे पाणी काचेच्या मोठ्या बाटलीत भरून आणले व प्रयोगशाळेच्या दक्षिणेकडील खिडकीत ठेवले. चिमूटभर खत घातले. रोज दोनदा तो बाटली हलवीत असे. तीन आठवड्यांत पाणी असे हिरवे झाले की पलीकडचे झाड दिसेना. आता पुष्कळ माल निघणार या उमेदीने सर्व वर्गाने मिळून एक लिटर पाणी गाळणकागदातून गाळले. त्यास एक सबंध दुपार लागली. कागद वाळविला व शाळेच्या तराजूत घातला. कोऱ्या कागदाच्या वजनात व त्याच्या वजनात आमच्या तराजूस काही फरक दाखविता आला नाही. कागदावर हिरवा डाग मात्र सुरेख उमटला होता.

मुलाने तो कागद आपल्या वहीत चिकटविला आहे. बाटलीतील उरलेले पाणी त्याने टाकू दिले नाही. कमी खत घालून ते पुन्हा वाढवून पाहावयाचे आहे, असे तो म्हणतो. बाटली खिडकीत आहे.